जासुसी कादंबऱ्यांची गोडी : पुरावा आधी, संशय नंतर

उर्दू वाचणाऱ्या घरात पन्नाशी-साठीचे कोणी असतील तर त्यांना एकदा विचारून बघा, "चाचा, तुम्हाला इमरान आवडायचा की फरीदी?" अर्धा तास कुठे गेला कळणार नाही.

आमचे लहानपण सिंदेवाहीतले. नागपूरला जाऊन कोणी परत आले की पिशवीत मोमिनपुऱ्यातून आणलेल्या, कव्हर फाटलेल्या 'जासूसी दुनिया'च्या जुन्या प्रती असायच्या. शेवटची दोन पाने गायब असली तर खरा गुन्हेगार कोण, यावर आठवडाभर वाद चालायचा. पुढे मराठी सफाईने वाचता येऊ लागले आणि बाबूराव अर्नाळकर सापडले. ते वेड अजून गेलेले नाही. पण आता पालक आम्हाला विचारतात, "सर, मुलांनी खून-दरोड्याची पुस्तके वाचावीत का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इब्ने सफी कोण होते?

खरे नाव असरार अहमद. जन्म 1928 चा, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. वडिलांचे नाव सफीउल्लाह, म्हणून 'इब्ने सफी', म्हणजे सफीचा मुलगा. लेखक म्हणून नाव होण्याआधी ते अलाहाबादला शाळेत शिक्षक होते, हे आम्हा मास्तर लोकांना विशेष आवडते!

त्या काळी एका बैठकीत कोणीतरी म्हणाले की उर्दूत चावट मजकुराशिवाय पुस्तक खपत नाही. असरार साहेबांना ते पटले नाही. त्यांनी स्वच्छ जासुसी कादंबरी लिहायला घेतली. 1952 मध्ये अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू झाली आणि 'दिलेर मुजरिम' ही पहिली कादंबरी आली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, तरी त्यांची पुस्तके अलाहाबादहूनही निघत राहिली. 1955 पासून इमरान मालिका सुरू झाली. मध्ये 1960 ते 1963 ते गंभीर आजारी होते. त्यानंतर 'डेढ मतवाले' घेऊन परतले तेव्हा दोन्ही देशांत वाचकांच्या उड्या पडल्या. 26 जुलै 1980 रोजी त्यांचे निधन झाले. मागे जवळपास अडीचशे कादंबऱ्या राहिल्या. घरातल्या सगळ्यांनी वाचाव्यात अशा.

कर्नल फरीदी गंभीर आणि करारी. त्याचा साथीदार हमीद थट्टेखोर, बकरा पाळणारा. इमरान वरून बावळट दिसतो, पण गुप्त खात्याचा प्रमुख 'एक्स-टू' तोच, हे त्याच्या हाताखालच्या लोकांनाही ठाऊक नसते. हिंदी आवृत्त्यांत फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश. त्यामुळे एकाच गावात एक जण विनोदचा चाहता आणि दुसरा फरीदीचा, पण गोष्ट एकच, असेही व्हायचे.

मराठीतली वाट

मराठीत ही गोडी लावली बाबूराव अर्नाळकरांनी. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही नावे तेव्हा घराघरात होती. पुढे सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद उभे केले. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला.

मजा नेमकी कशात?

रक्तात नाही, कोड्यात. जुन्या जासुसी कथेचा एक अलिखित करार असतो. लेखकाने सगळे धागेदोरे वाचकासमोर ठेवायचे आणि तरीही शेवटी त्याला चकवायचे. 1929 साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्री लेखकाने याचे दहा नियमच लिहिले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, भुताखेताचा आधार चालणार नाही, जासुसाला सापडलेला पुरावा वाचकापासून लपवायचा नाही, वगैरे.

होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ' कथेत (1892) शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो. तिथला कुत्रा मात्र भुंकलेला नसतो. होम्स तेवढ्यावरून ओळखतो की आलेला माणूस घरोब्यातला होता. जे घडले नाही तोही पुरावा! आमच्या जंगलपट्टीतल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. वानर ओरडले की वाघ जवळ आहे, हे इथे मोहफूल वेचणाऱ्या बाईलाही कळते. वनरक्षक ओल्या मातीतला पंजा बघून नर की मादी याचा अंदाज सांगतो. नराचा पंजा चौकोनी, मादीचा थोडा लांबट.

नॉक्सचा एक नियम आज विचित्र वाटतो : कथेत चिनी माणूस नको. कारण असे की त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांत चिनी पात्र आले की तोच खलनायक ठरलेला असायचा. चेहरा बघून गुन्हेगार ठरला तर तपास कशाला हवा?

वर्गातली गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात सहलीच्या पैशांचे पाकीट टेबलावरून गेले. सगळ्यांच्या नजरा एका मुलाकडे वळल्या. नवीन आलेला, घरची परिस्थिती बेताची. कबूल करतो, आमच्याही मनात आधी तेच नाव आले. मग फरीदी आठवला. प्रत्येकाला चिठ्ठी दिली आणि सांगितले, "फक्त डोळ्यांनी पाहिलेले लिहा. वाटते ते नको." त्या मुलाला टेबलाजवळ कोणीच पाहिले नव्हते. चौघांनी मात्र लिहिले होते की मधल्या सुट्टीच्या आधी हजेरीपट ऑफिसात गेला. पाकीट हजेरीपटातच होते. आम्हीच ठेवून विसरलो होतो.

त्या मुलाला कोणी तोंडाने काही बोलले नव्हते. तरी त्याला सगळे कळले होते. आम्ही वर्गासमोर त्याची माफी मागितली.

जासूस आणि तजस्सुस

'जासूस' हा शब्द ज्या अरबी धातूतून आला, त्यातूनच 'तजस्सुस' आला. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत वाईट गुमानापासून दूर राहायला सांगितले आहे आणि तजस्सुसची, म्हणजे दुसऱ्याचे खासगी उकरून काढण्याची, मनाई आहे. त्याच सूरहच्या सहाव्या आयतीत, आलेल्या बातमीची आधी तहकीक करण्याची ताकीद आहे, नाहीतर नकळत कोणावर अन्याय होईल. चांगल्या जासुसी कथेत हाच फरक दिसतो. तिथला तपासनीस चुगलीवर जात नाही, तहकीक करतो. गुन्हेगार पकडण्याइतकेच, निर्दोष माणसाला सोडवणे हेही त्याचे काम असते. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज न तपासता पुढे ढकलण्याच्या काळात मुलांना ही सवय लागावी, असे आम्हाला वाटते.

म्हणून पालकांना उत्तर : हो, वाचू द्या. मारधाडच ज्यात भरली आहे ती बाजूला ठेवा. पाचवी-सहावीच्या मुलांना सत्यजित राय यांचा फेलूदा द्या, मराठीत अशोक जैन यांचा अनुवाद आहे. आठवीनंतर होम्स. उर्दू वाचणाऱ्यांना इब्ने सफी. त्यांची भाषा इतकी सरळ आहे की मुलांचे उर्दू वाचन आपोआप सुधारते. आणि शेवटची वीस पाने उरली की पुस्तक मिटून विचारा, "सांग, कोण असेल? आणि कशावरून?" नाव चुकले तरी चालेल. 'कशावरून'चे उत्तर मात्र घ्याच.

घरातल्या पेटीत जुन्या 'जासूसी दुनिया' पडल्या असतील तर रद्दीत देऊ नका. शाळेच्या वाचनालयात द्या. शेवटची पाने नसली तरी चालतील.