रविवारचा बातमीचा तास

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं आणि पुढे काही वर्षांनी आमच्या जिल्ह्याच्या गावी वृत्तपत्रविद्येचं अभ्यास केंद्र आलं. तिथे शिकवणाऱ्याला प्राध्यापक नव्हे, संमंत्रक म्हणतात. मानधन तासावर, वर्ग रविवारी. आठवडाभर दैनिकात उपसंपादकी आणि सुट्टीच्या दिवशी शिकवणं हा उद्योग मी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पत्करला तो परवापरवापर्यंत केला.

समोर एसटीचे कंडक्टर असत, पतसंस्थेतले कारकून, तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे, आणि तालुक्याचे वार्ताहर. वार्ताहर म्हणजे बहुधा पेपरचा एजंटच. अंक वाटायचे, वसुली करायची, जाहिराती आणायच्या, उरल्या वेळात बातम्या द्यायच्या. पगार नाही, मिळायचं ते जाहिरातीवरचं कमिशन. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढच्या सगळ्या वर्षांचा उलगडा होतो.

सुरुवातीला बातमी एसटीच्या पाकिटातून यायची. गाडी वाटेत बंद पडली की तो तालुका दुसऱ्या दिवशीच्या अंकातून गायब. मग फॅक्स आला, डीटीपी आलं, एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर चौकोनी डबे होऊन उघडायची वर्षं आली, युनिकोड आलं, व्हॉट्सॲप आलं. माझे समवयस्क या बदलांवर तासन्‌तास बोलतात. मला त्यात शिकवण्यासारखं फारसं काही दिसलं नाही.

माझा जीव ग्रामसभेत. पहिला गृहपाठ ठरलेला: आपल्या गावची ग्रामसभा बघा, भाषणं सोडा, ठराव लिहून आणा. कितीतरी जण परत येऊन सांगत, सभा झालीच नाही, सह्यांचं रजिस्टर तेवढं घरोघरी फिरलं. मी म्हणायचो, हीच बातमी! पण सरपंच दिवाळीला अर्धं पान जाहिरात देणारा. लिहिणार कोण?

माहितीच्या अधिकारानं थोडी वाट काढली. राज्याचा कायदा २००२चा, केंद्राचा २००५चा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून वर्गातच अर्ज लिहायला लावायचो. २०१२ साली राज्य सरकारनं अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली. लोकांनी कमी विचारावं हाच हेतू असणार. पण नेमकं कसं विचारावं हे शिकवायला मला तो नियम फार कामी आला. सहीशिक्क्याचा कागद हातात पडला की वार्ताहराला धीर येतो. 'मी नाही म्हणत, ग्रामसेवक म्हणतात,' असं त्याला सांगता येतं.

मग २००९ची विधानसभा निवडणूक. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा मजकूर शब्दशः सारखा छापून आल्याचं पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त दाखवून दिलं. वर्गात ते प्रकरण वाचलं. कुणालाही नवल वाटलं नाही, हे मला जास्त लागलं. एक वार्ताहर म्हणाला, "सर, आम्ही पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या काढतो, ते दुसरं काय असतं?" पुढे प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीनं पेड न्यूजवर अहवाल दिला. कौन्सिलनं २०१० मध्ये तो दाबून ठेवला आणि केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. अभ्यासक्रमात नसतानाही मी तो शिकवत राहिलो.

अभ्यासक्रमात बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' होतं, १८३२ हे साल होतं, आचारसंहिता होती. पोट कसं भरायचं ते नव्हतं. त्यामुळे नीतीचा तास मी हिशेबानं सुरू करू लागलो. कमिशन कुणाकुणाकडून येतं ती नावं वहीत लिहा, आणि प्रत्येक नावापुढे त्याच्याविरुद्ध वर्षात किती बातम्या दिल्या तो आकडा. शून्यं मोजायला वेळ लागत नसे.

माझ्या विद्यार्थ्यांत सगळ्यांत निर्धास्त लिहिलं ते एका मोटार रिवायंडिंगवाल्यानं. जळालेले पंप घेऊन शेतकरी त्याच्याकडे येत, विजेचे हाल सांगत आणि तो ते छापायला पाठवी. त्याला जाहिरात नको होती आणि पेपरलाही त्याला काही द्यावं लागत नव्हतं. त्याच्यासारखे पंचवीस जण तयार करावेत असं वाटायचं, पण पत्रकारितेच्या वर्गात 'आधी दुसरा धंदा काढा' असं सांगणार कसं? शेवटी शेवटी तेही उघडपणे सांगू लागलो.

अलीकडे वर्गात वार्ताहर कमी, यूट्यूब चॅनलवाले जास्त. वहीतली यादी तीच भरते: सरपंच, बिल्डर, दवाखाना, पतसंस्था, नगरसेवक. फरक इतकाच की मधला पेपर गेला आणि पैसे थेट बूम धरणाऱ्याच्या हातात येऊ लागले.