तुडुम उघडण्याआधीचा शिंगाडा

ताडोब्याला येणारा पर्यटक पहाटे जिप्सीत बसतो, दुपारी रिसॉर्टवर पनीर खातो आणि वाघ दिसला नाही म्हणून गाईडवर रुसून परत जातो. दिवाळीच्या आगेमागे येणार असाल तर एक सकाळ वाघाला सुट्टी द्या आणि नागभीड-सिंदेवाहीच्या अंगाला या. घोडाझरीचा इंग्रजी अमदानीतला मोठा तलाव सगळेच बघतात. २०१८ मध्ये त्याच्या भोवतालचं जंगल अभयारण्य झाल्यापासून तर जास्तच. मी सांगतोय ते गावोगावच्या तलावांबद्दल. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे लोकांच्या तोंडी ‘मामा’ तलाव झाले. पूर्व विदर्भात ते सहा हजारांवर आहेत.

या दिवसांत तलावाच्या पाळीवर उभं राहिलं तर अर्ध्या तलावात पाणी दिसतच नाही, नुसती शिंगाड्याची पानं. वेल दाटला की तिथे जाळं टाकता येत नाही. म्हणून मासेमारी करणारी धिवर मंडळी तलावाची वाटणी करून घेतात, इकडे मासे, तिकडे शिंगाडा.

आदल्या हंगामातले जून शिंगाडे पाण्यात राखून उन्हाळ्यात एखाद्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, वेल तयार करतात. पाऊस लागून तलाव भरू लागला की वेलांची जुडी घ्यायची आणि तिचा बुडखा पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबायचा. पाणी चढतं तसा वेल लांबतो. पांढरं, चार पाकळ्यांचं फूल संध्याकाळच्या सुमारास पाण्यावर उमलतं. नंतर देठ वाकतो आणि फळ धरतं ते पाण्याखाली, पानांच्या पोटाशी. मधेच लालसर भुंगेरा पडला तर पानांची चाळण होते आणि वेल बसतो.

फळ डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तोडणी सगळी बोटांवर. डोंग्याच्या टोकाला उकिडवा बसलेला माणूस डाव्या हाताने पानांचा झुबका उचलून उलटा करतो, उजव्या हाताने खाली चाचपतो. तयार फळ नुसत्या झटक्याने सुटतं. जे ओढावं लागतं ते कवळं, ते सोडायचं. फार थांबलात तर फळ आपसूक गळून गाळात जातं. दोन्ही बाजूंना काटे, म्हणून अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. ती भिजून सैल झाली की दातांनी आवळायची. झुबका परत सुलटा ठेवायचा, कारण पंधरवड्याने त्याच वेलावर पुन्हा यायचं असतं. उथळ भागात बायका छातीभर पाण्यात उतरून तोडतात. तिथे जळवा असतात आणि खाज दिवसभर जात नाही.

काठावर चुलीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढलेला. धुतलेले हिरवे-लाल शिंगाडे त्यात, वर ओलं पोतं. उकडले की रंग काळा पडतो. विकणाऱ्या मावशी सुरीने एक आडवा काप देतात, फोडायचं काम गिऱ्हाइकाचं. मी ढिगातले मोठे निवडायला लागलो तर म्हणाल्या, “मोठा नोका पाहू भाऊ, जड पाहा. हलका असन तो आतून पाणी.” गरम असतानाच खावा. थंड झाला की पिठूळ लागतो. उपासाचं पीठ याचंच, पण ते खाऊन शिंगाड्याची चव कळत नाही.

खरी कटकट पाण्याची. तलाव बांधला धानासाठी. भारी धान ऑक्टोबरात ओंबीवर येतं, नेमका पाऊस गेलेला असतो, आणि शेतकरी तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडायला सांगतात. पाणी उतरलं की काठचा वेल चिखलावर येऊन वाळतो, त्याचे पुढचे तोडे गेले. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मला विचाराल तर पाण्याच्या बैठकीत धिवरांचा आवाज लहान पडतो, कारण धानाची बांधी ज्यांची, गावातलं वजनही त्यांचंच.

चंद्रपूर शहरात गोंडकाळातला रामाळा तलाव आहे. फिरायला जरूर जा. तलाव वाचवण्यासाठी २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरेंनी उपोषण केलं होतं, ते त्यात सांडपाणी येत होतं म्हणूनच. तेव्हा खायचे शिंगाडे गावतलावाचेच बघून घ्या.

जेवायला मात्र पाटी-बिटी शोधू नका. बसस्टँडजवळच्या साध्या खाणावळीत सकाळीच विचारून ठेवायचं, आज मरळ आली का, वाघूर आहे का. काहीच नसलं तर सुके झिंगे आणि वांगं असतं, वरून सांबार (म्हणजे कोथिंबीर), बाजूला जवसाची चटणी. पोळी मागितली तर मिळेल, पण धानाच्या मुलखात आलात, भातच घ्या.