भिडू गेले, डाव राहिला

आपल्याकडे खेळ म्हटला की भिडू आलाच. लगोरी असो, विटीदांडू असो की सोंगट्या असोत, आधी भिडू वाटून घ्यायचे आणि मग डाव मांडायचा. भिडू घरी गेले की डाव मोडला, इतका हा साधा हिशेब. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संगणकाच्या पडद्यावर एक निराळेच मैदान तयार झाले आहे. तेथे भिडू निघून गेले तरी मैदान मोडत नाही. शहरे, नद्या, डोंगर, शत्रू, सारे जागच्या जागी राहते. अशा ओसरलेल्या मैदानात एकट्या गड्याने का रमावे आणि कसे रमावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरण म्हणून मी स्वतः एकट्याने खेळतो तोच खेळ घेतो. त्याचे नाव 'गिल्ड वॉर्स'.

ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा. या खेळांत आपण एखादे पात्र घेतो, म्हणजे योद्धा, तिरंदाज, मांत्रिक किंवा रोगनिवारक, आणि एका काल्पनिक देशात वावरतो. त्याच वेळी इंटरनेटच्या द्वारे हजारो माणसे त्याच देशात आपापली पात्रे घेऊन वावरत असतात. 'गिल्ड वॉर्स' हा खेळ अमेरिकेतील अरीनानेट या कंपनीने घडविला आणि कोरियातील एनसीसॉफ्ट या कंपनीने तो २८ एप्रिल २००५ रोजी प्रसिद्ध केला. आदल्याच वर्षी आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ला दरमहा वर्गणी भरावी लागे. 'गिल्ड वॉर्स' एकदा विकत घेतला की वर्गणी नाही. विद्यार्थ्याच्या खिशाला ही गोष्ट किती मानवते हे वेगळे सांगायला नको.

या खेळाचे तीन विशेष ध्यानात घेतले म्हणजे पुढचे सारे समजेल. पहिला विशेष असा की, पात्राची पातळी विसाच्या वर जात नाही. इतर खेळांत महिनोन्‌महिने खपून पातळी वाढवीत बसावे लागते. येथे ती शिडी लवकर संपते आणि नंतर उपयोगी पडते ती केवळ अक्कल. दुसरा विशेष असा की, खेळात कौशल्ये हजाराहून अधिक असली तरी गावाबाहेर पडताना त्यांतली फक्त आठ बरोबर घेता येतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आठच वस्तूंची परवानगी द्यावी, तसा हा प्रकार. तिसरा विशेष सर्वांत महत्त्वाचा. गावात सगळे खेळाडू एकमेकांना दिसतात, पण वेशीबाहेर पाऊल टाकले की तो प्रदेश फक्त आपल्या टोळीपुरता निर्माण होतो. रानात अनोळखी माणूस कधी भेटतच नाही.

आता या खेळाची गर्दी का ओसरली, ते पाहू. २००६ साली 'फॅक्शन्स' आणि 'नाइटफॉल' हे दोन स्वतंत्र भाग आले आणि ऑगस्ट २००७ मध्ये 'आय ऑफ द नॉर्थ' आला. त्यानंतर मोठा भाग आला नाही, कारण कंपनीने 'गिल्ड वॉर्स २' ची तयारी हाती घेतली होती. तो खेळ २८ ऑगस्ट २०१२ रोजी निघाला आणि जुन्या गावातली बरीचशी वस्ती नव्या गावात राहायला गेली. २०१३ साली कंपनीने जुन्या खेळातले सण व नैमित्तिक बदल आपोआप चालावेत अशी व्यवस्था केली. देवळात पुजारी नसावा आणि घंटा मात्र वेळच्या वेळी वाजावी, तशी ही स्थिती. २०२५ च्या अखेरीस 'रीफोर्ज्ड' या नावाने त्याची डागडुजी केलेली आवृत्ती निघाली, हेही नोंदविले पाहिजे. पण जुन्या दिवसांतली ती दाटी पुन्हा भरणे कठीण.

याखेरीज एक कारण खेळाच्या पोटातच दडलेले आहे आणि मला ते अधिक विचार करण्याजोगे वाटते. आरंभी टोळी पुरी करायला माणसे मिळाली नाहीत तर गावातून यंत्रचलित सोबती घेता येत. पण त्यांची कौशल्ये ठरलेली असत, त्यामुळे माणसांची गरज उरत असे. 'नाइटफॉल'ने 'हीरो' आणले. हीरोची शस्त्रे, कौशल्ये, उभे राहण्याची जागा, सर्व आपण ठरवायचे. प्रथम प्रत्येकाला तीनच हीरो नेता येत. मार्च २०११ मध्ये सातही जागा हीरोंना मोकळ्या झाल्या. हीरो उशिरा येत नाही, मध्येच जेवायला उठत नाही, हरल्यावर दुसऱ्यावर खापर फोडत नाही. साहजिकच माणसे सोडून लोक हीरो घेऊ लागले. म्हणजे गर्दी कमी झाली म्हणून हीरो आले हे जितके खरे, तितकेच हीरो आले म्हणून गर्दीची गरज संपली हेही खरे. सोय आणि सोबत यांत माणूस बहुधा सोय निवडतो, हा धडा पडद्याबाहेरही लागू आहे.

मग एकट्याने करायचे काय? माझे उत्तर असे की, करण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ते शोधावे लागते. आठ गड्यांच्या टोळीत प्रत्येकाची आठ कौशल्ये धरली तर एकूण चौसष्ट होतात. कलाही चौसष्ट आणि बुद्धिबळाची घरेही चौसष्ट! या चौसष्टांचा मेळ घालणे हाच एकट्या खेळाडूचा खरा खेळ. एकच उदाहरण देतो. 'नेक्रोमॅन्सर' या मांत्रिकाला आसपास कोणी मेले की थोडी शक्ती परत मिळते. जखमा भरण्याच्या कामी शक्ती फार खर्ची पडते. प्रत्येक पात्राला एक दुय्यम व्यवसाय घेता येत असल्यामुळे 'रिच्युअलिस्ट' या व्यवसायाची जखमा भरणारी कौशल्ये या मांत्रिकाच्या हाती देता येतात. रणात शत्रू पडत जातात तसतसा आपला रोगनिवारक ताजातवाना होत जातो. वैद्य म्हणून जन्माला न आलेला माणूस वैद्याहून बरा वैद्य होतो. ही युक्ती जुन्या खेळाडूंना ठाऊक आहे. पण ती का चालते हे स्वतः उमगण्याचा आनंद कोणी उसना देऊ शकत नाही.

रमण्याचे दुसरे साधन म्हणजे स्वतः घातलेले नेम. नकाशावरचे धुके आपण चालू तसे विरळ होत जाते; एका खंडाचा नकाशा पूर्ण उलगडला की त्याबद्दल किताब मिळतो. एखाद्या प्रदेशातील एकूण एक शत्रू एकाच फेरीत संपविण्याचे व्रतही घेता येते. शिवाय खेळ रोज एखादी नवी कामगिरी सांगतो. मी दिवसाला एकच कामगिरी करतो आणि कोणती टोळी नेली, कोठे फसली, ते वहीत टिपतो. फसण्याला या खेळात नेमकी किंमत आहे. प्रत्येक मरणागणिक त्या पात्राचे बळ शेकडा १५ ने घटते आणि ही घट शेकडा ६० पर्यंत जाते. त्यामुळे हरल्यावर तसेच पुढे रेटण्यापेक्षा गावात परतून जुळणी बदलणे शहाणपणाचे ठरते. रियाजाला बसणारा गवई जसा रोज तोच राग नव्या जागेवरून पाहतो, तसे हे आहे. किताबांच्या मागे धावत सुटलो तर मात्र त्याची हमाली होते. २०१२ पूर्वी कित्येक जण 'हॉल ऑफ मॉन्युमेंट्स' या स्मृतिदालनातले पन्नास गुण गोळा करण्यासाठी राबले, कारण त्या गुणांवर नव्या खेळात बक्षिसे मिळणार होती. गुण भरले आणि त्यांतले बरेच जण निघून गेले. ज्याचे कारण बाहेर असते त्याचे मनही बाहेरच असते.

तिसरे साधन म्हणजे उरलेल्या माणसांची ओळख ठेवणे. कामदान या गावी अजून बाजार भरतो. ऑक्टोबरच्या अखेरीस 'मॅड किंग थॉर्न' नावाचा विक्षिप्त राजा लायन्स आर्च येथे प्रकट होतो, भलभलते हुकूम सोडतो आणि न पाळणाऱ्याला तत्काळ मारतो. त्या दिवशी एरवी रिकाम्या चौकात दाटी होते. एकटा खेळणारा माणूस एकलकोंडाच असला पाहिजे असे नाही. गावच्या जत्रेला जाणे आणि गावात रोज राहणे या दोन्ही गोष्टी त्याला जमू शकतात.

जे एकट्याला साधत नाही तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बारा जणांसाठी रचलेल्या मोहिमा सात हीरोंच्या बळावर पार पाडणे फार कठीण जाते. माणसांविरुद्ध माणसांनी लढायची मैदाने तर माणसांवाचून उघडतच नाहीत. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे साक्षीदाराची. पु. ल. देशपांडे 'बटाट्याची चाळ' एकटे उभी करीत, पण समोर प्रेक्षक असत. येथे सगळी पात्रे मीच चालवितो आणि पाहणाराही मीच. एखादी अवघड मोहीम पार पडल्यावर 'वा!' म्हणायला कोणी नसते. ही पोकळी हीरो भरून काढीत नाहीत, हे कबूल केलेलेच बरे.

तरीही राहायचे ते का? पुस्तक छापले की ते कपाटात राहते. असा खेळ मात्र कंपनीच्या यंत्रांवर जगतो. याच एनसीसॉफ्टचा 'सिटी ऑफ हीरोज' हा खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला आणि त्यातले शहर एका दिवसात मिटले. पुढे चाहत्यांनी ते पुन्हा उभे केले, पण प्रत्येक शहराचे नशीब तसे नसते. म्हणून जो रिकाम्या गावात हिंडतो तो नुसता खेळाडू नसतो. उद्या नसण्याची शक्यता असलेल्या एका कलाकृतीचा तो वाचक असतो.

या खेळाची कथासुद्धा हेच सांगते. आरंभीचे अस्कलॉन हे राज्य हिरवेगार आहे. तेथे ग्वेन नावाची एक लहान मुलगी आपल्यामागे बागडत येते आणि बासरी मिळवून दिली तर वाजविते. पुढे आपण एक उंबरठा ओलांडतो, 'चार' नावाच्या शत्रूंच्या हल्ल्यात राज्य जळून जाते आणि त्या पात्राला त्या हिरव्या प्रदेशात पुन्हा कधीही जाता येत नाही. राखेत ग्वेनची मोडकी बासरी सापडते. 'आय ऑफ द नॉर्थ'मध्ये तीच ग्वेन तरुण, करारी आणि कडवट झालेली भेटते, आणि हीरो होऊन आपल्या टोळीत येते. खेळ ओसरला नसता तर घाईगर्दीत मी तिच्याकडे कदाचित पाहिलेही नसते. कोणी घाई करीत नाही, म्हणून थांबून पाहता येते. ओसरलेल्या मैदानाचे एकट्या गड्याला मिळणारे दान हेच, आणि ते घेण्यापुरते तेथे राहणे मला व्यर्थ वाटत नाही.