पेशींचा निरोप

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातील रात्री समुद्रकासवांच्या माद्या येतात. वेंगुर्ल्याजवळील वायंगणीची पुळण यासाठी प्रसिद्ध आहे. मादी वाळूत खड्डा खणून शंभराच्या आसपास अंडी घालते, ती वाळूने झाकते आणि समुद्रात निघून जाते. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात व थेट लाटांकडे धाव घेतात. वाळूचा स्पर्श जाणणारे आणि पाय हलविणारे मज्जातंतू त्यांच्या देहात जागच्या जागी कसे बसले?

अंड्यातील गर्भ प्रारंभी पानासारखा चपटा असतो. त्याच्या पाठीवरील पेशींच्या पट्टीचे दोन्ही काठ हळूहळू उचलले जातात व एकमेकांस मिळून एक नळी तयार होते. हिचाच पुढे मेंदू व मज्जारज्जू बनतो. आरंभी तिच्यातील पेशी सारख्याच दिसतात. परंतु पुढे पोटाकडील पेशी स्नायूंस हालचालीची आज्ञा देतात, तर पाठीकडील पेशी स्पर्शाची वार्ता स्वीकारतात.

हे काम कोणते प्रथिन किती पोहोचते यावरून ठरते. नळीखाली पृष्ठरज्जू नावाची लवचीक दोरी असते. तिच्यातून ‘सॉनिक हेजहॉग’ हे प्रथिन पाझरते. वरच्या बाजूने दुसरी प्रथिने येतात. वेंगुर्ल्याकडे सुरंगी फुलली, म्हणजे झाडाजवळ सुगंध उत्कट असतो व दूर जावे तसा मंद होतो. डोळे मिटूनही झाड किती दूर आहे हे कळते. त्याचप्रमाणे प्रथिनाच्या कमीअधिक प्रमाणावरून पेशीस आपले स्थान समजते व त्यास अनुसरून ती आपले रूप घेते.

शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या गर्भात पृष्ठरज्जूचा तुकडा नळीच्या कडेला ठेवून पाहिला. तेव्हा हालचालीच्या मज्जापेशी तेथेही निर्माण झाल्या! या प्रथिनाच्या कुळातील पहिल्या जनुकाचा शोध ख्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड व एरिक व्हीशाउस यांनी फळमाशीवरील संशोधनात लावला व १९८० साली तो प्रसिद्ध केला. १९९५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

मासा, कोंबडी, कासव आणि मनुष्य या सर्वांची मज्जारज्जू अशाच निरोपांनी घडते. ही घडण चालू असता अंडी उलटीसुलटी झाल्यास गर्भ दगावण्याचा संभव असतो. म्हणूनच किनाऱ्यावरील कासवमित्र अंडी हलविताना त्यांची बाजू बदलू देत नाहीत. वाळूखाली एक जीव निःशब्दपणे आकार घेत असतो. त्यास धक्का न लावणे हे आपले कर्तव्य होय.