चाकाचा जड भाग कसा शोधाल?

धावणारी मोटरसायकल रस्त्याला किती जागेत टेकलेली असते, याचा कधी विचार केला आहे का? प्रत्येक चाकाखाली साधारण तळहाताएवढा रबराचा भाग, बस्स! गाडीचे आणि बसणाऱ्यांचे सारे वजन, ब्रेकचा सारा जोर आणि वळणावरचा सारा तोल या दोन तळहातांएवढ्या रबरावर असतो. म्हणून टायर झिजला की तो बदललाच पाहिजे. टायरच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे आडवे उंचवटे असतात. भोवतालची नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली, की त्या टायरचे आयुष्य संपले असे समजावे.

छत्रपती संभाजीनगर हे तर दुचाकींचेच शहर. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकी बनवणारे शहर अशी त्याची ओळख झाली. वाळूजच्याच औद्योगिक वसाहतीत गुडइयर कंपनीचा टायरचा कारखानाही आहे. शहरात टायर बदलून देणारी दुकाने जागोजागी दिसतात. पण हेच काम घरच्या अंगणात, जाणत्या मोठ्या माणसाच्या सोबतीने करून पाहिले, तर नववी-दहावीच्या पुस्तकातले बरेचसे भौतिकशास्त्र प्रत्यक्ष हाताला लागते. टायर चढवून झाल्यावर चाकाचा तोल साधण्याचे जे काम उरते, ते तर खास आपल्यासारख्यांसाठीच आहे.

न ताणणारी तार

आधी टायर काढू. गाडी सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर पक्की उभी करावी. काढायचे चाक अधांतरी राहावे म्हणून खाली लाकडी ठोकळा द्यावा. आसाचे नट सोडवून चाक बाहेर घ्यावे. कोणती वॉशर आणि कोणती नळी कोणत्या बाजूची, हे कागदावर लिहून ठेवावे. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा दाबू नये; आतले पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क पुन्हा बसत नाही. व्हॉल्व्हची पिन काढून सर्व हवा सोडावी.

आता खरी गंमत. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारांचे कडे असते. ते ताणत नाही, म्हणून तर टायर रिमवरून निसटत नाही. मग न ताणणारी ही कड तिच्यापेक्षा मोठ्या रिमच्या काठावरून बाहेर कशी यायची? उत्तर रिमच्या आकारात आहे. रिमच्या मधोमध एक खोलगट भाग असतो. टायरची कड एका बाजूने पायाने दाबून या खोलगट भागात उतरवली, की समोरच्या बाजूला तेवढीच सैल जागा मिळते. तेथे लोखंडी पट्टी घालून कड हलकेच उचलली की ती बाहेर येते. जोर लावावा लागत असेल, तर समोरची कड खोलगट भागातून वर आली आहे असे समजावे. अशा वेळी ताकद वाढवू नये, कड पुन्हा खाली दाबावी. साबणाच्या पाण्याने घर्षण कमी होते आणि काम आणखी सोपे होते.

नवा टायर चढवतानाही हीच युक्ती, पण उलट क्रमाने. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेला यावा. ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरावी, म्हणजे ती पट्टीखाली चिमटत नाही. कडेचा शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी आत घालावा. कारण व्हॉल्व्हच्या जागी कड खोलगट भागात उतरू शकत नाही. ती समोरच्या बाजूला उतरावी लागते. शेवटी हवा भरताना कड जागेवर बसल्याचा आवाज येतो. त्या वेळी बोटे दूर ठेवावीत आणि टायरवर छापलेल्या कमाल दाबापलीकडे हवा मुळीच भरू नये. कड बसत नसेल तर हवा सोडून पुन्हा साबणपाणी लावावे. ट्यूबलेस टायरची कड बसवायला जोराची हवा लागते. म्हणून त्याची अदलाबदल दुकानातच करून घ्यावी आणि तोल मात्र घरी तपासावा.

वीस ग्रॅमचा ठोसा

तोल कशासाठी? कोणताच टायर सर्व बाजूंनी अगदी सारख्या वजनाचा नसतो. कुठे रबर किंचित जाड, कुठे जोड. शिवाय रिमला एका जागी व्हॉल्व्ह. समजा, रिमच्या काठावर एका जागी २० ग्रॅम वजन जास्त आहे. २०११ पासूनची एक रुपयाची पाच नाणी घेतली, तर जवळपास एवढेच वजन भरते. एवढ्याशा वजनाने काय बिघडणार?

गणित करून पाहू. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. टायरची बाहेरची त्रिज्या ०.३ मीटर धरली, तर कोनीय वेग सेकंदाला सुमारे ६६.७ रेडियन होतो, म्हणजे चाकाच्या सेकंदाला साडेदहाहून अधिक फेऱ्या. जास्तीचे वजन आसापासून ०.२२ मीटर अंतरावर आहे असे धरू. ते वजन वर्तुळात फिरत ठेवायला लागणारे बल म्हणजे वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार: ०.०२ × ०.२२ × ६६.७ × ६६.७, म्हणजे सुमारे १९.६ न्यूटन. दोन किलोचे माप उचलायला एवढेच बल लागते!

हे बल आसाला एका फेरीत एकदा वर ओढते, एकदा खाली दाबते, एकदा पुढे आणि एकदा मागे खेचते. संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. तेवढ्या वाटेत हे चाक जवळजवळ १६ हजार वेळा फिरते. म्हणजे तेवढेच ठोसे बेअरिंगला, टायरला आणि पुढच्या चाकाच्या बाबतीत हँडल धरणाऱ्या हातांनाही बसतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाला मात्र हेच बल ४.९ न्यूटन, म्हणजे अवघे चौथा हिस्सा. वेग दुप्पट तर ठोसा चौपट! म्हणूनच गल्लीत शांत वाटणारी गाडी मोठ्या रस्त्यावर थरथरू लागते.

स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसनने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट १८४५ सालीच घेतले होते, पण ते चालले नाही. पुढे १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी पुन्हा तसेच चाक बनवले आणि ते जगभर गेले. मऊ टायरमुळे वेगाने धावणे सुसह्य झाले आणि वेग वाढला तसा हा २० ग्रॅमचा प्रश्नही मोठा झाला.

चाकालाच विचारा

जड भाग शोधायला महागडे यंत्र लागत नाही. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण तेच काम फुकट करते. हवा भरलेले चाक घ्या आणि त्याचा आस त्याच्या बेअरिंगमधून घाला. मागचे चाक असेल, तर ड्रम ब्रेकची तबकडी काढून ठेवा. आसाची दोन टोके सारख्या उंचीच्या दोन स्टुलांवर टेकवा. आस आडवा आणि समपातळीत हवा. आता चाक हळूच फिरवा आणि आपोआप थांबू द्या. थांबल्यावर सर्वांत खालच्या बिंदूवर खडूने खूण करा. असे पाच-सहा वेळा करा.

खुणा चाकभर विखुरल्या, तर तोल ठीक आहे. सगळ्या एकाच जागी जमल्या, तर जड भाग सापडला! चाकाचा गुरुत्वमध्य आसाच्या मध्यावर नसून किंचित त्या बाजूला सरकलेला आहे आणि तो सर्वांत खाली येऊन थांबतो. आता खुणेच्या बरोबर समोर, रिमवर, चिकटपट्टीने एकेक नाणे लावत जा. खूण बाजूला, वर, खाली अशी कोठेही ठेवली तरी चाक जागचे हलेनासे झाले, की तोल साधला. नाण्यांचे वजन करा आणि तेवढ्याच वजनाच्या, दुकानात मिळणाऱ्या चिकट पट्ट्या रिम स्वच्छ पुसून त्याच जागी लावा. पट्ट्या बऱ्याच लागत असतील, तर निम्म्या उजव्या बाजूला आणि निम्म्या डाव्या बाजूला लावाव्यात. शिसे विषारी आहे. ते वितळवून घरी वजने बनवू नयेत.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. बेअरिंगचे घर्षण चाकाला थोडे अडवते. म्हणून तोल साधल्यावर ५ ग्रॅमचे वजन बाजूला चिकटवून पाहा. चाक वळले, तर तुमचा हा तराजू ५ ग्रॅम ओळखतो. न वळल्यास १० ग्रॅम लावून पाहा. ज्या वजनाला चाक प्रथम वळेल, ते या तराजूचे लघुतम माप. त्याहून लहान चूक त्याला कळणार नाही. मोटारीच्या रुंद चाकांसाठी तर ही पद्धत अपुरीच पडते. तेथे एक जड भाग आतल्या कडेला आणि दुसरा समोर बाहेरच्या कडेला असू शकतो. असे चाक स्थिर असताना समतोल दिसते, फिरताना मात्र डुलते. ते यंत्रावर फिरवूनच तपासावे लागते. दुचाकीचे चाक अरुंद असल्याने तेथे आपली पद्धत बहुधा पुरते.

चाक परत बसवल्यावर आसाचे नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळले आहेत ना, साखळीचा ढिलेपणा योग्य आहे ना आणि चाक मोकळे फिरते ना, हे मोठ्या माणसाने पुन्हा तपासावे. गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक चार-पाच वेळा दाबून तो पकडतो याची खात्री करावी. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो, म्हणून पहिले काही दिवस जपून चालवावे.

सायकलवर करून पाहा

घरी मोटरसायकल नसेल, तरी बिघडत नाही. सायकल उलटी उभी करा, पुढच्या चाकाचे ब्रेक घासत नाहीत हे पाहा आणि चाक हळूच फिरवून सोडा. ते कोठे थांबते? व्हॉल्व्हपाशी, की आणखी कोठे? तारांना लावलेला परावर्तक काढल्यावर थांबण्याची जागा बदलते का? एकेक नाणे लावून तोल साधा आणि तुमच्या चाकाचे लघुतम माप काढा. मग बेअरिंगला तेल देऊन तेच माप पुन्हा काढा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि त्यांत फरक का पडला, ते वर्गात सांगा.