उधाणाची पौर्णिमा

नारळी पौर्णिमेचा नारळ गंगापूर रोडवरील घरांतून नारळीभात होऊन पानात येतो; कोकणात तो सागराला अर्पण होतो. मुलांकडे या भागात राहावयास आलेल्या दोन वृद्ध तांडेलांशी आम्ही बोललो, तेव्हा त्या अर्पणामागील धास्तीही उमगली.

नाशकातील गोदावरीला भरती-ओहोटी ठाऊक नाही. बाणकोटच्या खाडीत सावित्री आणि दाभोळच्या खाडीत वाशिष्ठी मात्र दिवसातून दोनदा उलट्या वाहतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हेच तांडेलाचे पंचांग. ओहोटीचा ओघ समुद्राच्या लाटांना भिडला की खाडीच्या मुखाशी पाणी उभे राहते. म्हणून वादळातही भरतीची वाट पाहावी लागे. भरतीत वाळूला टेकलेले गलबत पाणी चढताच तरंगते. ओहोटीत रुतलेले पुढील भरतीपर्यंत तडाखे सोसते.

"किनारा दिसला की माणूस उतावीळ होतो, आणि तेथेच घात होतो," असे एक तांडेल म्हणाले. दुसऱ्यांनी बालपणी ऐकलेल्या 'रामदास'ची आठवण काढली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येला, मुंबईहून रेवसला निघालेली ही आगबोट बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले.

आज वादळाचा इशारा आधी मिळतो. परंतु खाडीच्या मुखाशी धीर धरावा लागतो तो नाविकालाच. सणाचा गोड घास घेताना, पौर्णिमेनंतर दर्यात उतरणाऱ्या त्या नौकांचेही आपणांस स्मरण व्हावे.