सिस्टर, तुम्ही थांबवा

आयसीयूतल्या रुग्णाच्या मानेवर पारदर्शक चिकटपट्टीखाली एक बारीक नळी दिसते. ती सेंट्रल लाइन. तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. औषध जातं त्याच वाटेनं जंतूही थेट रक्तात उतरू शकतात. मग जबर अँटिबायोटिक्स द्यावी लागतात आणि त्यांना दाद न देणारे जंतू वॉर्डात बळावतात.

२००१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी हे संसर्ग टाळण्यासाठी पाच कलमांची यादी केली. हात धुवा, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं त्वचा पुसा, टोपी-मास्क-गाऊन घालून रुग्णावर निर्जंतुक चादर पसरा, जांघेतली शीर शक्यतो टाळा, गरज संपताच नळी काढा. यातलं काहीच नवीन नव्हतं. नवीन होता तो नर्सला मिळालेला अधिकार: एखादी पायरी गाळली, तर डॉक्टरांना जागीच थांबवायचं. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. ‘सर, हात धुवायचे राहिलेत’ असं म्हणायला आपल्याकडे किती सिस्टर धजावतील?

पुढे मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी ही पद्धत उचलली. दीड वर्षात असे संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटले. लागणारं सगळं सामान एकाच ट्रॉलीवर तयार असे, त्यामुळे ऐन घाईत चादरीसाठी कपाटं धुंडाळावी लागत नसत.